दाऊदभाईंनी निवडलेला बॅक

दाऊदभाई, तुमच्या बायकोचा, हमीदाचा फोन आला तेव्हा मी रडले नाही. "सुटले," एवढंच म्हणाले. तीही म्हणाली, "व्हय गो, सुटले." दोन वर्षं तुम्ही अंथरुणावर होता. उजवं अंग गेलेलं, जीभ गेलेली. मी फोन केला की हमीदा तो तुमच्या कानाला लावायची आणि मी एकटीच बोलत बसायचे. पलीकडून फक्त श्वास. तुमच्यासारख्या माणसाशी बोलायचं आणि उलट उत्तर यायचं नाही, ही मला शिक्षा वाटायची. तुम्हाला तर केवढी वाटत असेल. तेव्हा सुटलात, बरं झालं. हे मी मनापासून म्हणते. कुणाला कडू लागलं तर लागू दे.

तुम्ही किती चांगले होता ते लिहायला तुमच्या गावात माणसं आहेत. मी चौथी शिकलेली बाई. सौदीतून माहेरी पत्रं लिहिली, तेवढीच लिहायची सवय. मला लिहायचंय ते फुटबॉलच्या त्या फायनलचं. तुमची जीभ जाईपर्यंत तीसेक वर्षं आपण तिच्यावर भांडलो आणि त्यात मी तुमच्याशी एक गोष्ट लपवून भांडले. तुम्हीही एक लपवून भांडलात, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

सौदीत यान्बूला आपली दारं समोरासमोर होती. मधे जिन्याची चार फूट जागा. तुम्ही परक्या बाईकडे मान वर करून बघायचा नाहीत, आणि मीही दार अर्धंच उघडायचे. तुम्ही खालच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून उभे, मी दाराआड, आणि मधे हमीदा. आपल्याला एकमेकांचं सगळं स्वच्छ ऐकू यायचं. तरी बोलायचं हमीदाशी.

"हमीदा, वहिनींना विचार, कालची मॅच बघितली का."

"बघितली म्हणावं. डावा बॅक झोपला होता का, ते विचार."

हमीदा मोठ्या अदबीनं सांगायची, "त्या म्हणतात, डावा बॅक जरा कमी पडला."

"झोपला होता म्हणाल्या त्या. मी ऐकलं."

"ऐकलंत तर मला कशाला मधे उभी करताव? भाजी लागतेय माझी खाली."

ती आत जायची. मग आपणही आपापलं दार लावायचो, कारण मधे ती नसली तर बोलायचं कसं. जीव जायची वेळ आली तरी आपण दोघांनी ती रीत मोडली नसती. आज वाटतं, एकदा मोडायला हवी होती.

माझ्या नवऱ्याला फुटबॉलचं वेड नव्हतं. ते ड्यूटीवरून यायचे, जेवायचे, झोपायचे. वेड माझं होतं. मी कोल्हापूरची. आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की आधी बॉलला लाथ घालतं. माझे दोन थोरले भाऊ तालमीच्या टीमकडून खेळले. मॅचच्या दिवशी आम्ही पोरी मैदानाशेजारच्या गच्चीवर जागा धरून बसायचो. यान्बूतही तसंच झालं. कॅम्पचं वाळूचं मैदान आपल्या बिल्डिंगच्या मागच्या कुंपणाला लागून. बायकांनी तिथं जायचं नाही. मग मी आणि हमीदा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मैदानाच्या कडेला उभ्या माणसाला बॉल दिसतो. वरून बघणाऱ्याला मोकळ्या जागा दिसतात. तुम्ही कोच होता, पण कुठं भोक पडलंय ते मला तुमच्याआधी दिसायचं. हे तुम्ही तोंडानं कबूल केलं नाहीत. पण पुढच्या मॅचला ते भोक बुजलेलं असायचं.

त्या वर्षी आपल्या कॅम्पची टीम फायनलला आली. निम्मी कोकणातली, निम्मी कोल्हापूर-सांगलीकडची, गोली तेवढा गोव्याचा. समोर वीजघराच्या कॅम्पची टीम, सगळी केरळची पोरं. इराकनं कुवेतवर चढाई केली त्याला पाच महिने होऊन गेले होते. खिडक्यांना आपण चिकटपट्ट्या लावल्या होत्या. खरं तर यान्बू तांबड्या समुद्रावर आणि कुवेतची सरहद्द पार दुसऱ्या टोकाला. आपल्याकडे काही पडेल अशी भीती मला नव्हती. भीती होती ती एकच. कंपनीचं दुसरं काम सरहद्दीवर अल खफजीला चालू होतं, आणि इथली माणसं उचलून तिकडं पाठवत होते.

माझा धाकटा भाऊ बाळू तेव्हा तेवीसचा. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. मी त्याला वाढवला. माझ्या नवऱ्यानं खटपट करून त्याला वेल्डर म्हणून आणला आणि तो येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तिकडं राहायचा परवाना, इकामा, अजून हातात आला नव्हता. पोलिसानं अडवलं तर दाखवायला कंपनीचा एक कागद, बस्स. अरबीचा एक शब्द येत नव्हता. हिंदी बोलायचा ती ऐकून लोक हसायचे. पहिले पंधरा दिवस तो कॅम्पातून माझ्याकडे येऊन नुसता बसून राहायचा. "आक्का, मला परत पाठव," म्हणायचा. तुम्हीच एक दिवस जिन्यातून हाक मारलीत, "हमीदा, त्यांच्या भावाला म्हणावं बूट घाल नि खाली ये." तुम्ही त्याला मैदानावर नेलंत. त्या दिवसापासून तो परत जायचं बोलला नाही. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आता मानते.

फायनलच्या आठवड्यात सोमवारी माझा नवरा ड्यूटीवरून आला तो तोंड पाडून. म्हणाला, "गुरुवारी सकाळी खफजीला बस जाणार. वेल्डिंगमधून एक माणूस कमी पडतोय."

"मग?"

"मुदीर म्हणाला, टीममधल्या पोरांना मी हलवत नाही. पण वेल्डिंगची दोघं टीममध्ये आहेत, त्यातला एक द्या."

मुदीर म्हणजे साइटचा मोठा साहेब. मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, फुटबॉलपायी वेडा. त्यानं निवड तुमच्यावर टाकली होती. दोघंही बॅक. एक बाळू. दुसरा अस्लम, तुमच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. शुक्रवारी जो खेळणार तो यान्बूत राहणार, दुसरा गुरुवारच्या बसमध्ये बसणार. ते दिवस कसले होते ते सगळ्यांना माहीत होतं. इराकला कुवेत सोडायला युनोनं दिलेली मुदत पुढच्याच आठवड्यात संपत होती.

नवरा म्हणाला, "आता तू मधे नाक खुपसू नकोस. दाऊदभाई आपल्या भाच्याला पाठवणार नाही. कोण पाठवेल?"

हे मलाही कळत होतं. त्याच कारणानं मी तुमच्यापुढे हात जोडू शकत नव्हते. माझ्या भावाला ठेवा म्हणजे तुमच्या भाच्याला पाठवा. एवढं तोंड उघडून मागणारी बाई मी नव्हे. पण गप्प बसणारीही नव्हे. मग मी केलं काय, तर फुटबॉल बोलले.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जिन्यात आलात. मी दार उघडूनच बसले होते.

"हमीदा, भाईंना म्हणावं, शुक्रवारच्या मॅचचं मला बोलायचंय."

"बोला म्हणावं," तुम्ही म्हणालात.

मी सुरुवात केली. वीजघरवाल्यांची सेमी-फायनल मी गच्चीवरून पूर्ण बघितली होती. त्यांचे चार बॅक दोरीत ओवल्यासारखे एका रेषेत चालतात. तो मिशीवाला कॅप्टन हात वर करतो आणि चौघं एकदम पुढे येतात. समोरचा फॉरवर्ड त्यांच्यामागं एकटा उरतो, ऑफसाइड सापडतो. सेमी-फायनलला सात वेळा सापडला, मी मोजलं. त्यांची रेषा मोडायची असेल तर बॉल त्यांच्या डोक्यावरून मागं टाका आणि आपल्या फॉरवर्डला उशिरा पळू दे. त्यांच्या मागं गोलीशिवाय कुणी नसतं. आणि आपली बचावफळी? आपल्यात रेषा नाही. प्रत्येक बॅक आपापला माणूस धरतो आणि तो जाईल तिथं त्याच्या मागं जातो. माणूस मधे गेला की बॅक मधे, कडेची जागा रिकामी. ते झाकायला मागं एक माणूस मोकळा लागतो.

 हमीदानं यातलं काही पुढं सांगितलं नाही, तिच्या आवाक्यातलं ते नव्हतं. इथपर्यंत मी बोलले ते सगळं खरं होतं. दाऊदभाई, पुढचं खोटं होतं.

मी म्हणाले, "तो मागचा माणूस जागेवर उभा राहणारा पाहिजे. अस्लम बॉल बघून पुढं धावतो. मागं दार उघडं टाकतो. केरळवाल्यांचे दोघं उंच आहेत, डोक्यानं मारतात. तिथं बाळू पाहिजे. तो हलत नाही."

तुम्ही विचारलंत, "हमीदा, त्यांना विचार, अस्लमनं उघडं टाकलेल्या दारातून या सीझनला आत किती शिरले?"

एकही नव्हता शिरला. मला माहीत होतं. अस्लम पुढं जायचा तो बॉल कुठं पडणार ते आधी ओळखून जायचा, आणि चुकला तर वाऱ्यासारखा मागं यायचा. तेवढे शहाणे बॅक मी आमच्या पेठेतही दोनच बघितले. आणि बाळू हलत नाही याचं कारण त्याला वळायला वेळ लागतो. उजव्या बाजूनं कुणी गेला की तो बैलगाडीसारखा फिरतो. बहीण असून सांगते.

मी म्हणाले, "आजवर नशीब म्हणावं. फायनलला नशिबावर राहू नका."

 तुम्ही म्हणालात, "बरं. सांग त्यांना, विचार करतो." आणि आत गेलात.

बुधवारी यादी लागली. बाळू टीममध्ये. गुरुवारी सकाळी अस्लम बसमध्ये.

मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले होते. खाली बस उभी होती. अस्लम हसत होता, कुणाला तरी टपली मारत होता. तुम्ही त्याच्या बॅगेजवळ उभे होता. त्यानं वर बघून हात हलवला. मी हात हलवला नाही, चादर पिळत राहिले. शेजारी हमीदा. ती मला म्हणाली, "त्याच्या आईला मी काय सांगू गो?" तिच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता. तिला वाटत होतं, नवऱ्यानं मॅचचा विचार करून निवड केली.  मला मात्र माहीत होतं, मॅचच्या विचारानं निवड केली असती तर बाळू बसमध्ये असता.

फायनल आपण हरलो, दोन-एक. आपला गोल मी सांगितलं होतं तसाच झाला. बॉल त्यांच्या रेषेवरून मागं पडला, आपला फॉरवर्ड उशिरा सुटला, गोल. गच्चीवर मी उडीच मारली. त्यांचा पहिला गोल पेनल्टीचा. दुसरा शेवटच्या पाच मिनिटांत, आपल्या उजव्या बाजूनं. त्यांचा बारका पोरगा बाळूच्या उजवीकडून निघाला, बाळू वळेपर्यंत तो गोलपोस्टशी पोचला होता. आपला गोली पुढं आला नाही.

संध्याकाळी तुम्ही जिन्यात. मी दाराआडून आधीच सुरू केलं, "भाईंना विचार, गोली पुढं का आला नाही? पुढं आला असता तर गोल नव्हता."

"गोली आला असता तरी गोल होता म्हणावं."

"नव्हता."

"होता."

हमीदा म्हणाली, "तुम्ही दोघं सरळ बोलताव आता. मी जाते." आपण दोघंही गप्प झालो. ती थांबली, मग पुन्हा बोललो.

तो वाद आपण कधी सोडला नाही. तुम्ही गावी परतलात, आम्ही कोल्हापूरला. ईदला माझा फोन, दिवाळीला तुमचा. एकमेकांची तब्येत विचारून झाली की हमीदाच्या हातातला फोन मोठ्या आवाजावर. "वहिनींना विचार, गोलीची चूक अजून आहे का." "आहे म्हणावं." लोक हसायचे. माझी नातवंडं हसायची. मी कधी मनातून हसले नाही. तो गोल गोलीवर ढकलला नसता तर तो बाळूवर आला असता, आणि बाळूवर आला की माझ्या खोट्यावर आला. आणि ते खोटं एका माणसाच्या जिवावर बेतलं होतं.

कारण पुढच्याच आठवड्यात लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी खफजीवर तोफा पडल्या. तेलाची टाकी पेटली. गाव रिकामं झालं, असं दुकानातल्या टीव्हीवर सांगितलं. आपल्या माणसांचं काय झालं, ते कुणी सांगेना. ऑफिसात विचारलं की "इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाला चिडून माझा नवरा, जो कधी कुणावर आवाज चढवत नाही, तो टाइमकीपरवर ओरडला.

अकरा दिवस अस्लमचा पत्ता नव्हता. तुमच्या बहिणीचे गावच्या पोस्टातून फोन यायचे. तुम्ही कॅम्पच्या फोनवर जाऊन तिला काय सांगत होता, मला माहीत नाही. जिन्यात तुमची पावलं ऐकू आली की मी माझं दार लावून घ्यायचे. आपल्या शेजाराच्या बारा वर्षांत तुम्ही आलात म्हणून मी दार लावलं ते पहिल्यांदाच. बाळूला तर मी दोन वेळा उगाच शिव्या घातल्या. तो समोर बसून जेवायचा आणि मला त्याच्या जेवणाचा राग यायचा. राग कुणाचा, ते मला कळत होतं. रोज पहाटे उठून मी एकच म्हणायचे, त्याला परत आण, मी खरं सांगते.

तो आला. बाराव्या दिवशी, दुपारच्या बांगेच्या सुमाराला. एकटा नाही, बरोबर चार जण. दोन केरळचे, एक आंध्रचा, एक नेपाळी. पाण्याच्या टँकरवर बसून निघाले होते, मग मिळेल त्या गाडीनं, मधे तीन दिवस एका मशिदीत. प्रत्येक नाक्यावर पोलिसांशी अस्लम बोलला. पाचांच्या पाचांना त्यानं बोलून सोडवलं. यान्बूला यायच्या आधी त्यानं जेद्द्याला अझीझिया भागात कापडाच्या दुकानात चार वर्षं काढली होती, अरबी त्याला पाण्यासारखी यायची. तो जिना चढला, धुळीनं पांढरा झालेला, आणि पहिलं काय विचारलं?

"मामू, फायनल काय झाली?"

तुम्ही म्हणालात, "हरलो. तुझ्या जागेतून गोल आला."

मी दाराआड उभी होते. हमीदा रडत होती. आणि मला एवढंच ऐकू आलं, तुझ्या जागेतून गोल आला. मला वाटलं, हे तुम्ही मला ऐकवलंत. मी खरं सांगेन असं रोज पहाटे म्हणाले होते. नाही सांगितलं. माणूस परत आला, आता कशाला, असं मनाला समजावलं. अस्लमला शिरा करून पाठवला. शिरा पाठवणं सोपं होतं.

तर एवढं मी लपवलं होतं. आता तुमचं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी हमीदाला फोन केला. ती थकली होती, तिनं फोन अस्लमकडे दिला. अस्लमची दाढी आता पांढरी आहे म्हणे. "मावशी, कशा आहात?" म्हणाला. माझ्यानं राहवलं नाही. वय झालं, आता लपवून ठेवायला पुढं किती दिवस आहेत. मी सगळं सांगितलं. म्हणाले, "अस्लम, तू बाळूपेक्षा चांगला बॅक होतास. मला माहीत होतं. मी तुझ्या मामूला खोटं सांगितलं, आणि तू माझ्यामुळं खफजीला गेलास."

तो हसायला लागला. मला आधी राग आला.

मग तो म्हणाला, "मावशी, मामूनं मला सोमवारी रात्रीच वर्कशॉपमागं नेलं. म्हणाला, वहिनी आज जिन्यात म्हणाल्या की तू मागं दार उघडं टाकतोस. मी म्हटलं, मामू, हे खोटं आहे. मामू म्हणाला, खोटं आहे ते मला कळतंय. त्या बाईला फुटबॉल माझ्याहून जास्त कळतो. तिनं असं चुकीचं बोलावं म्हणजे ती किती घाबरली असेल, बघ."

दाऊदभाई, मी खाटेवर बसले.

अस्लम सांगत होता. तुम्ही त्याला म्हणालात, बाळूला अरबीत पाणी मागता येत नाही. हातात इकामा नाही. तिकडं काही झालं तर नाक्यावर त्याला कुणीही धरून बसवेल आणि तो बसून राहील. तू बोलून सुटशील. तुला कुठल्याही मशिदीत कुणी आडकाठी करणार नाही. दोघांतला कुणी एक जायचाच आहे, तर परत येईल असा जाऊ दे. पण तू नाही म्हणालास तर मी तुला पाठवणार नाही. तुझ्या आईला मला तोंड दाखवायचंय.

"आणि तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"मी म्हटलं, जातो. पण फायनल हरणार बघा. मामू म्हणाला, हरू दे."

"मग हे मला एवढी वर्षं का नाही सांगितलंस?"

"मामूनं शपथ घातली होती. म्हणाला, वहिनींना कळलं की तू कळूनसवरून त्यांच्या भावाच्या जागी गेलास, तर त्या भावाला कान धरून स्वतः बसमध्ये बसवतील."

बसवलं असतं, दाऊदभाई. तुम्ही मला बरोबर ओळखलंत. चार फुटांवरून, एकदाही तोंड न बघता.

मी फोन ठेवला. डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं झालं. बत्तीस-तेहतीस वर्षं मी समजत होते की माझ्या जिभेनं एक माणूस सरहद्दीवर गेला. नव्हता गेला. माझ्या फुटबॉलच्या बोलण्यानं तुमचा निकाल फिरला नव्हता. तुम्ही माझी भीती ऐकलीत, बाकीचं सोडून दिलंत. तुम्ही आणि तो पोरगा, दोघांनी मिळून ठरवलंत, डोळे उघडे ठेवून. आणि मी एवढी वर्षं उगाच तो हंडा डोक्यावर घेऊन जगले.

याचा मला रागही आहे. तो लपवणार नाही. नंतर तरी सांगायचं होतंत. अस्लम परत आल्यावर, लढाई संपल्यावर, आपण मायदेशी आल्यावर कधीही. ईदच्या फोनवर गोलीची चूक विचारायचात त्याऐवजी एकदा म्हणायचं, "हमीदा, वहिनींना सांग, मला सगळं ठाऊक होतं." तुम्हाला माझी लाज राखायची होती, हे कळतं. पण लाज राखताना माझी झोप गेली, त्याचा विचार केला नाहीत. मीही सांगितलं नाही, म्हणजे चूक दोघांची. दोघं फुटबॉलचे एवढे जाणकार, आणि एक साधी गोष्ट एकमेकांना सांगता आली नाही. मधे हमीदा उभी होती ना, तिच्या देखत कसं बोलणार.

शेवटी राग जातो आणि मोकळं वाटणं उरतं. तुम्ही सुटलात, तशी मीही सुटले. रडू येतं ते थोडं. मी खरं बोलले तेव्हा पलीकडे तुम्ही नव्हता, याचं.

बाळूला मी परवा सांगितलं. तो साठीकडं झुकलाय, गुडघे दुखतात, बायकोला घेऊन आला होता.  सगळं ऐकून म्हणाला, "आक्का, अस्लम मला कधी काही बोलला नाही गं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं मला मैदानावर नेलं आणि उजवीकडं कसं वळायचं ते दोन तास शिकवलं. मला वाटलं, हरल्याची कटकट चाललीय."

मग बाळूनं माझ्याच फोनवरून अस्लमला फोन लावला. मला वाटलं, आता हा काय बोलणार. "लेका अस्लम," म्हणाला आणि पुढं बोलताच येईना. पलीकडून अस्लमच बोलत राहिला. पंधरा-वीस मिनिटं. बाळू नुसता हूं हूं करत होता आणि डोळे पुसत होता. काय बोलले ते मी विचारलं नाही. ते त्या दोघांचं.

पुढच्या महिन्यात मी आणि बाळू तुमच्या गावी जाणार आहोत. हमीदाजवळ बसेन. तिला हे सगळं सांगायचंय, तिलाही काही माहीत नव्हतं. ती तुमच्यावर आणि माझ्यावर दोघांवर चिडेल, आणि तिचं बरोबर असेल.

आज बाळू परत आलाय. आत जेवायला बसलाय, दोन भाकरी झाल्या, तिसरी मागतोय. एवढं लिहून थांबते. तवा तापलाय, उठायला पाहिजे.